जुन्या अँग्लिकन चर्चमध्ये पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

मागच्या पावसाळ्यात आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात एक सिस्टर बदलून आल्या. पहिल्याच रविवारी चर्चला आल्या आणि उपासना संपेपर्यंत मागच्या दाराजवळ उभ्याच राहिल्या. नंतर विचारलं तर म्हणाल्या, "काकू, लोक मध्येच उठत होते, मध्येच गुडघे टेकत होते. पाळकसाहेबांचं वाक्य संपलं की सगळे एकदम काहीतरी म्हणत होते. बसले आणि चुकले तर? म्हणून उभीच राहिले."

मला एकतीस वर्षांपूर्वीचे माझे दिवस आठवले. माझं माहेर अकोल्याकडचं, अलायन्स मंडळीतलं. तिथे पाळक मनातून प्रार्थना करत आणि आम्ही डोळे मिटून ऐकत असू. लग्न होऊन इथे आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्या रविवारी माझ्या हातात प्रार्थनेचं पुस्तक दिलं. कडा झिजलेलं, पाठीला कापडाची पट्टी चिकटवलेलं. म्हणाल्या, "यातलं जाड अक्षर आपलं. ते आपण म्हणायचं." इथल्या उपासनेबद्दल मला सांगायचं आहे त्यातलं निम्मं त्या दोन वाक्यांत आलं. इथे मंडळी ऐकायला बसत नाही, उत्तर द्यायला येते. राहिलेलं निम्मं खाली सांगते. लग्न होऊन आलेल्या सुना, बदलीची नोकरमंडळी, शेजारच्या ख्रिस्ती घरातून आमंत्रण आलेले हिंदू-बौद्ध-मुसलमान मित्र आणि गावाचा इतिहास धुंडाळणारी मुलं, सगळ्यांसाठीच.

आधी पाटी वाचा

विदर्भात "चर्च" एवढं म्हणून भागत नाही. अकोला-खामगाव भागात अलायन्सचं काम जुनं, यवतमाळात फ्री मेथडिस्टांचं, नागपुरात स्कॉटिश मिशनचं आणि कॅथलिकांचं. प्रत्येकाची उपासनेची रीत वेगळी. आपण उभे आहोत ते चर्च मूळचं अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतलं, आहे का, हे फाटकावरच बरंचसं कळतं. पाटीवर "चर्च ऑफ नॉर्थ इंडिया" आणि "नागपूर डायोसीस" (म्हणजे नागपूरच्या बिशपच्या देखरेखीखालचा भाग) लिहिलेलं असेल, क्रूस, प्याला आणि कमळ असलेलं चिन्ह असेल, खाली "एकता, साक्ष, सेवा" असेल, तर अर्धी खूण पटली. मात्र या एकत्रित चर्चमध्ये पूर्वीच्या सहा मंडळ्या मिसळल्या आहेत, त्यामुळे पाटी तीच आणि मूळ वेगळं असंही होतं. उरलेली खूण आत आहे. चर्चला एखाद्या संताचं नाव असेल, दाराजवळ बाप्तिस्म्याचं दगडी पात्र असेल आणि समोर पूर्वेच्या भिंतीशी वेदी असेल, तर ते बहुधा अँग्लिकनांनी बांधलेलं.

शनिवारी एक चक्कर मारा

हे मी प्रत्येकाला सांगते. खेड्यातल्या चर्चला स्वतःचा पाळक असेलच असं नाही. एकेका पाळकसाहेबांकडे तीन-चार गावं असतात. एका रविवारी इथे सकाळी आठला उपासना, तर पुढच्या रविवारी दहाला. उन्हाळ्यात वेळ आणखी अलीकडे येते, कारण मे महिन्यात दहानंतर आमच्याकडे पत्र्याला हात लावता येत नाही. वेळ फळ्यावर खडूने लिहिलेली असते. तो फळा वाचा किंवा आवारात राहणाऱ्या राखणदाराच्या घरी विचारा. प्रभुभोजन, म्हणजे वेदीपाशी भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, कोणत्या रविवारी असतं तेही विचारून ठेवा. पाळक येऊ शकत नाहीत त्या रविवारी मंडळीतलीच कुणी मोठी व्यक्ती सकाळची प्रार्थना चालवते.

कपडे साधे, स्वच्छ. पांढरं लुगडं किंवा साडी नेसायची जुन्या बायकांची पद्धत आहे, पण तो नियम नाही. डोक्यावर पदर घ्यायचा की नाही आणि चपला कुठे काढायच्या, हे दारातल्या चपला आणि पुढच्या बाकावरच्या बाया बघून ठरवा. भेटल्यावर "सलाम" म्हणा किंवा "जय ख्रिस्त". आमच्याकडे दोन्ही चालतं. नमस्कारही तितकाच चालतो.

इमारत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाचा

शनिवारी आलात की चर्च रिकामं असतं. तेव्हा घाई न करता एकदा दारापासून वेदीपर्यंत चाला.

दार बहुतेक वेळा पश्चिमेला असतं. आत पाऊल टाकताच बाप्तिस्म्याचं पात्र लागतं. ते दाराशी ठेवण्यामागे विचार आहे. माणूस बाप्तिस्म्यातून मंडळीत येतो, म्हणून चर्चमध्ये शिरताना पहिल्यांदा पाणी भेटावं. मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना बाक. पुढे एका बाजूला शास्त्र वाचायचं वाचनपीठ, दुसऱ्या बाजूला उपदेशाचं उंच पुलपीट. मग एक-दोन पायऱ्या, लाकडी किंवा लोखंडी कठडा आणि कठड्यापलीकडे वेदी. पूर्व ही उगवतीची दिशा, पुनरुत्थानाची. मंडळी तिकडे तोंड करून बसते. आता हाच रस्ता एका माणसाच्या आयुष्याला लावून बघा. दाराशी बाप्तिस्मा, मध्ये दर रविवारचं वाचन, पुढे कठड्याशी दृढीकरण, प्रभुभोजन आणि लग्न आणि शेवटी त्याच मधल्या वाटेने खांद्यावरून बाहेर. माझ्या सासऱ्यांचं सगळं आयुष्य त्या साठ-सत्तर फुटांत बसलं.

मग वर बघा. भिंती जाड, छप्पर उंच, बाहेर खोल व्हरांडा, वरच्या झरोक्यातून गरम हवा निघून जाते. हे सगळं आपल्या उन्हासाठी. तुळईला लोखंडी कड्या अडकवलेल्या दिसल्या तर त्या पंख्याच्या. वीज नव्हती तेव्हा कापडी झालरीचा लांब पंखा तिथे टांगलेला असे आणि बाहेर व्हरांड्यात बसलेला माणूस दोरी ओढून तो हलवत राही. भिंतीवर कुणा कलेक्टरची, कुणा कॅप्टनच्या बायकोची संगमरवरी पाटी असते. पंखा ओढणाऱ्याची मात्र कुठेच नसते. मी नवीन मुलांना चर्च दाखवते तेव्हा पाटीच्या आधी कडी दाखवते.

हे चर्च इथे आलं कसं

थोडक्यात इतिहास माहीत असला की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात.

हिंदुस्थानातला अँग्लिकनांचा पहिला बिशप १८१४ मध्ये कलकत्त्याला आला. आपल्या भागात ही उपासना आली ती फौजेबरोबर. १८२१ मध्ये नागपूरजवळ कामठीची छावणी वसली. तिथली फौज मद्रासची होती, तेव्हा सैनिकांसाठी नेमलेले पाद्रीही मद्रासच्या बाजूचे. ते सरकारी पगारी असत आणि त्यांचं काम मुख्यतः गोऱ्यांपुरतं असे. १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले वारले, नागपूरचं राज्य खालसा झालं. त्याच वर्षी वऱ्हाडही निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं. मग सिव्हिल लाइन्स झाल्या, कचेऱ्या झाल्या, १८६७ मध्ये नागपूरपर्यंत रेल्वे आली आणि स्टेशनांच्या, कापसाच्या बाजारपेठांच्या गावी लहान लहान चर्च उभी राहू लागली.

मराठी मंडळी घडली ती वेगळ्या वाटेने, मिशनच्या वाटेने. चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, १८७० च्या दशकात स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचं मिशन आलं. हे स्कॉटिश असले तरी अँग्लिकन घराण्यातलेच. नागपुरात हिस्लॉप यांनी उभं केलेलं स्कॉटिश मिशन ते वेगळं, ते प्रेसबिटेरियन, बिशप नसलेल्या परंपरेतलं. या दोन "स्कॉटिश"ची गल्लत गावोगाव होते, म्हणून मुद्दाम सांगते. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे लागोपाठ दोन भयंकर दुष्काळ पडले. त्या काळात कित्येक पोरकी मुलं मिशनच्या आश्रयाला आली. आज बाकांवर बसणाऱ्या अनेक घरांचा मूळ धागा त्या दोन दुष्काळांशी जाऊन मिळतो. ही गोष्ट घरात हळू आवाजात सांगितली जाते. नव्या माणसाने ती खोदून विचारू नये, कुणी आपणहून सांगितली तर मन लावून ऐकावी.

१९०३ मध्ये नागपूर स्वतंत्र डायोसीस झाली आणि आयर चॅटर्टन पहिले बिशप. सदरमधलं ऑल सेंट्स हे कॅथीड्रल. चांद्याला वर्षानुवर्षं मिशनरी म्हणून राहिलेले अ‍ॅलेक्स वुड १९२६ मध्ये नागपूरचे बिशप झाले. दरम्यान १९१२ मध्ये व्ही. एस. अझारिया दोर्नाकलचे बिशप झाले, अँग्लिकन चर्चमधले पहिले भारतीय बिशप. दोर्नाकल काही फार दूर नाही, चांद्याहून बल्लारशावरून दक्षिणेला जाणाऱ्या रेल्वेवरच आहे. १९३० मध्ये इथलं चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने मोकळं झालं. आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच, ऑल सेंट्सच्या आवारात, अँग्लिकन, प्रेसबिटेरियन-काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट असे सहा प्रवाह मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं.

नवीन येणाऱ्याला या तारखेचा प्रत्यक्ष उपयोग आहे. तुमच्या माहेरी मोठेपणी, पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देत असतील आणि इथे तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी घालताना दिसलं, तर गोंधळू नका. १९७० च्या एकीकरणात दोन्ही रीती मान्य झाल्या आहेत. तुमचा बाप्तिस्मा झालेला असेल तर तो झालेलाच आहे, पुन्हा घ्यावा लागत नाही.

रविवारी: पुस्तक हातात घ्या

दहा मिनिटं आधी या. मधल्या बाकांवर बसा, अगदी मागे नको. मागे बसलात तर पुढच्यांचं उठणं-बसणं दिसतं खरं, पण आवाज ऐकू येत नाहीत, आणि इथे आवाजाच्या आधाराने शिकायचं असतं. शेजारी एखादी म्हातारी असेल तर उत्तमच. तिला पुस्तक लागत नाही, तेव्हा ती तिचं पुस्तक तुम्हाला देईल आणि पान उघडून बोट ठेवेल.

दोन पुस्तकं लागतात. एक उपासनेच्या क्रमाचं, दुसरं गीतांचं. पहिल्याचं मूळ १५४९ चं. आर्चबिशप क्रॅन्मर यांनी लॅटिन बाजूला ठेवून लोकांच्या भाषेत, म्हणजे तेव्हाच्या इंग्रजीत, एकच प्रार्थनापुस्तक आणलं. पाळकाचे शब्द आणि लोकांचे शब्द एकाच पुस्तकात. १६६२ ची त्याची आवृत्ती जगभर गेली, मराठीतही आली. आज आमच्याकडे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा क्रम चालतो, पण हाडं तीच आहेत.

क्रम साधारण असा जातो. गीत म्हणत सगळे उभे राहतात, पाळक आत येतात. ते म्हणतात, "प्रभू तुमच्याबरोबर असो," आणि मंडळी उत्तर देते. हे पहिलं जाड अक्षर. शब्द पुस्तकापुस्तकात थोडे बदलतात. समोरच्या पानावर असतील तेच म्हणा. मग हृदय शुद्ध कर अशी एक छोटी प्रार्थना, मग गुडघ्यावर येऊन पापांगीकार. तो "मी" असा नसून "आम्ही" असा आहे हे लक्षात घ्या. शेजारच्या बांधावरून ज्याच्याशी बोलणं बंद आहे तो माणूसही दोन बाक सोडून तेच "आम्ही" म्हणत असतो. गुडघे दुखत असतील तर बसून पुढे वाकलात तरी पुरे, कुणी बोट दाखवत नाही. पाळक उठून पापक्षमेचे शब्द उच्चारतात.

मग वाचनं. जुन्या करारातून, नंतर स्तोत्र, नंतर पत्रांतून, हे बसून ऐकायचं. शुभवर्तमानाला सगळे उठतात. स्तोत्र मात्र नुसतं ऐकायचं नसतं. ओळीच्या मध्यावर खूण असते. अर्धी ओळ पुढून, अर्धी मंडळीकडून, किंवा डाव्या बाजूचे बाक एक वचन आणि उजव्या बाजूचे पुढचं. मध्यावर किंचित थांबायचं. नवा माणूस हमखास तिथे घाई करतो. एक श्वास घ्या आणि मग म्हणा. जुन्या प्रार्थनापुस्तकात १५० स्तोत्रं महिन्याच्या तीस दिवसांत सकाळ-संध्याकाळ वाटून दिली आहेत. पहिल्या तारखेच्या सकाळी पहिली पाच आणि तसं पुढे. सासूबाई आयुष्यभर त्या हिशोबाने चालल्या. तारीख विचारली की त्या कॅलेंडर न बघता सांगत, कारण सकाळी कोणतं स्तोत्र म्हटलं ते त्यांच्या ध्यानात असे. मलाही आता ती सवय लागली आहे. एकट्याने हे करायचं असेल तर सकाळचाच भाग घ्या, पण रोज घ्या.

उपदेशानंतर उभं राहून मतांगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते सगळ्यांनी मिळून म्हणणं. ज्यांचा हा विश्वास नाही त्यांनी आदराने नुसतं उभं राहावं, एवढं पुरे. न मानता शब्द उच्चारण्यापेक्षा ते जास्त प्रामाणिक आहे. मग मध्यस्थीच्या प्रार्थना. इथे गावातल्या आजाऱ्यांची नावं घेतली जातात, पाऊस मागितला जातो, बोंडअळी आली त्या वर्षी तिचंही नाव घेतलं गेलं होतं. तुमच्या घरी कुणी आजारी असेल तर उपासनेआधी सेक्रेटरींना चिठ्ठी द्या. मग शांतीचा सलाम, दोन्ही हात जोडून शेजाऱ्याच्या हातांत. मग दानार्पणाचं गीत आणि थैली. पाहुण्याने त्यात काही घातलंच पाहिजे असं अजिबात नाही.

गीतांबद्दल थोडं जास्त बोलते, कारण मला त्यांची फार ओढ आहे. आमच्या गीतपुस्तकात दोन प्रकार एकत्र नांदतात, इंग्रजी चालीवरची भाषांतरित गीतं आणि अभंग-भजनाच्या वळणाची अस्सल मराठी. पहिल्यांना हार्मोनियम पुरते. दुसऱ्यांना टाळ आणि ढोलकी निघते आणि मागच्या बाकावरची म्हातारी माणसंही सरसावून बसतात. या दुसऱ्या प्रकारातलं पुष्कळ रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं. टिळक अँग्लिकन नव्हते, अमेरिकन मराठी मिशनमधले. पण त्यांचा विदर्भाशी धागा आहे. नोकरीनिमित्त ते नागपुरात राहिले होते, आणि १८९३ मध्ये राजनांदगावच्या आगगाडीत एका इंग्रज सहप्रवाशाने त्यांना नवा करार हातात दिला. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. चाल येत नसेल तर पहिलं कडवं ऐका, धृपदापासून सूर मिळवा.

वेदीपाशी

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. प्रभुभोजनाला पुढे जायचं का?

तुमचा बाप्तिस्मा झालेला असेल आणि तुमच्या स्वतःच्या मंडळीत तुम्ही प्रभुभोजन घेत असाल, तर या. मंडळी वेगळी असली तरी या. शंका असेल तर उपासनेआधी पाळकसाहेबांना एका वाक्यात विचारून घ्या, त्यांना बरंच वाटतं. लहानपणी बाप्तिस्मा झालेली मुलं आधी शिकवणीला बसतात, मग बिशप येऊन डोक्यावर हात ठेवतात. ते दृढीकरण. बिशप काही दर महिन्याला येत नाहीत, म्हणून त्या दिवशी आवारात लग्नघरासारखी लगबग असते.

पुढे जाताना बाकांच्या क्रमाने जा, आधी पुढचे. कठड्याशी गुडघे टेका. उजवा तळहात डाव्यावर ठेवून हाताची ओंजळ पुढे करा. भाकर तळहातावर मिळेल, बोटांनी उचलून घेऊ नका, तळहातच तोंडाकडे न्या. प्रत्येक वेळी "आमेन" म्हणायचं. द्राक्षरस कुठे एकाच प्याल्यातून, कुठे लहान पेल्यांतून, तर कुठे भाकर त्यात बुडवून देतात. शेजाऱ्याकडे बघा. उठण्याची घाई नको, रांगेतले सगळे घेऊन झाले की एकदम उठतात.

ज्यांना घ्यायचं नाही किंवा घेता येत नाही, त्यांनी जागेवर बसून राहावं. त्यात कमीपणा नाही. नुसता आशीर्वाद हवा असेल तर कठड्याशी या आणि हात जोडून मान लववा. पाळक डोक्यावर हात ठेवतील. एका शेजाऱ्यांची नात आजारातून उठली, तेव्हा ते तिला घेऊन असेच आले होते. ते ख्रिस्ती नव्हते. पाळकसाहेबांनी दोघांच्याही डोक्यावर हात ठेवला.

वर्षाचे रंग

वेदीवरचं वस्त्र बघा, म्हणजे चर्चच्या वर्षाचा कोणता काळ चालू आहे ते कळेल. नाताळाआधीचे चार रविवार आगमनकाळ, जांभळा. नाताळ आणि ईस्टर पांढरा. राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत, रविवार सोडून चाळीस दिवस, उपवासकाळ, पुन्हा जांभळा. ईस्टरपासूनच्या पन्नासाव्या दिवसाला, म्हणजे पवित्र आत्म्याच्या सणाला, लाल. बाकीचा लांबलचक काळ हिरवा. तो नेमका पेरणीपासून वेचणीपर्यंत येतो, हे मला दरवर्षी नव्याने आवडतं.

नाताळाचं काय सांगावं, तो सगळ्यांना ठाऊक आहे. करंज्या-अनरसे, कंदिलाच्या चांदण्या, रात्री घरोघर गात फिरणारी मुलं. नव्या माणसाने मात्र दुसरे दोन दिवस चुकवू नयेत.

एक उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. त्याआधीच्या झावळ्यांच्या रविवारी शिंदीच्या झावळ्या घेऊन आवाराला फेरी झालेली असते. शुक्रवारी दुपारी बारा ते तीन, ऐन उन्हात, वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर मनन चालतं. वेदीवर वस्त्र नाही, फुलं नाहीत, घंटा नाही. तीन तास पूर्ण बसणं जमलं नाही तर एका उद्गारानंतरच्या गीताच्या वेळी शांतपणे आत-बाहेर करता येतं. पाण्याची बाटली जवळ ठेवा. तहान या शब्दावर उपदेश चालू असताना बाहेर रणरणतं ऊन असतं, आणि तो शब्द समजायला आणखी काही लागत नाही.

दुसरा हंगामाचा सण. कापसाची पहिली वेचणी झाली की आमच्या शेजारची शेतकरी घरं शेतात सीतादहीची पूजा करतात. आम्ही त्याच दिवसांतल्या एका रविवारी पहिला माल वेदीपुढे आणतो. कापसाचं गाठोडं, ज्वारीची कणसं, सोयाबीनची पिशवी, संत्री, कोहळं, कोंबडी, अंडी, कुणाच्या घरचं तूप. ज्याला शेती नाही तो काहीतरी शिजवून आणतो. सिस्टरांनी त्यांच्या पहिल्या वर्षी क्वार्टरच्या मागे लावलेल्या मिरच्या आणल्या होत्या. उपासनेनंतर आवारातल्या कडुलिंबाखाली लिलाव होतो. कोहळं कुणीतरी चारपट किमतीला घेतं आणि "पुन्हा लावा" म्हणून परत देतं, ते असं पाच-सहा वेळा विकलं जातं. ते पैसे मंडळीच्या वर्षाच्या खर्चाला लागतात. आमच्या छपराची कौलं दोन हंगामांच्या लिलावातून बदलली गेली. पहिल्यांदा येणाऱ्याला मी म्हणते, शंभराच्या आत एखादी वस्तू बोली लावून घ्याच. त्या दिवशी तुमचं नाव सगळ्यांना कळतं.

दप्तर बघायचं असेल तर

चर्चचा खरा इतिहास पाट्यांवर नाही, कपाटातल्या रजिस्टरांत आहे. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन, तीन वेगळी रजिस्टरं. घराण्याचा शोध घ्यायचा असेल तर आधी सेक्रेटरी किंवा पाळकसाहेबांना लेखी अर्ज द्या. कुणाचं नाव, अंदाजे कोणती वर्षं आणि कशासाठी, एवढं लिहा. दुपारच्या उजेडात या, हात कोरडे ठेवा, पेन नको, पेन्सिल आणा. पान उलटताना बोट ओलं करू नका. फोटो विचारूनच काढा, आणि इतर घरांच्या नोंदी वाचल्यात तरी बाहेर बोलू नका.

जुन्या नोंदी इंग्रजीत आहेत आणि गावांची नावं ओळखू येत नाहीत. एलिचपूर म्हणजे अचलपूर, उमरावती म्हणजे अमरावती, चांदा म्हणजे चंद्रपूर. यवतमाळ जिल्ह्याचं जुनं नाव वून होतं, वणीवरून पडलेलं. आडनाव शोधत बसलात तर पहिली पिढी सापडणारच नाही. त्या काळी नुसतं एकच नाव लिहिलेलं असतं, फार तर बापाचं. तेव्हा धंद्याचा रकाना बघा, राहण्याचं ठिकाण बघा आणि धर्ममाता-धर्मपित्यांची नावं बघा. तीच साक्षीदारांची नावं लग्नाच्या रजिस्टरात पुन्हा येतात आणि धागा जुळतो. ख्रिस्ती विवाहांचा कायदा १८७२ चा आहे, त्यामुळे त्यानंतरच्या लग्नांची नोंद बरीच शिस्तशीर असते. आजही लग्नाआधी रविवारच्या उपासनेत नावं पुकारली जातात, पूर्वी तर तीन रविवार लागोपाठ.

आमचं एक रजिस्टर वाळवीने खाल्लं. कपाट भिंतीला चिकटून होतं, एका पावसाळ्यात कुणी उघडलं नाही, चूक आमचीच. तेवढी वर्षं गेली. अशा वेळी एक वाट उरते. कंपनी आणि ब्रिटिश काळात नोंदींच्या नकला कलकत्ता, मद्रास, मुंबईमार्फत लंडनला जात आणि त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. कामठीच्या जुन्या नोंदी शोधताना मद्रासच्या नकलांतही बघा, फौज कुठली होती ते आठवून. पण तिथे मुख्यतः गोऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियन घरांच्या नोंदी आहेत. मराठी मंडळीचं जे आहे ते बहुतेक इथल्या कपाटातच. म्हणून आता आमचं कपाट विटांवर, भिंतीपासून हातभर दूर असतं, आत कडुलिंबाचा पाला असतो आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ते उघडलं जातं. मदतीला या, तेव्हा अक्षर लावायलाही शिकवते.

कबरस्थान

जुने दगड वाचायचे तर सकाळी सात-साडेसातला या. ऊन तिरपं असतं आणि झिजलेली अक्षरं सावलीने उठून दिसतात. दगड खरवडू नका, खडू किंवा चुना फासू नका, साधं पाणी आणि मऊ कुंचला पुरतो. वयं वाचा. बावीस वर्षं, एकोणीस वर्षं, चार महिने. पलीकडच्या भागात मराठी कबरी, बऱ्याचशा नुसत्या मातीच्या उंचवट्याच्या, डोक्याशी लाकडी क्रूस. त्या कुणाच्या हे सांगणारी माणसं आता चार-पाचच उरली आहेत. त्यांच्याबरोबर एकदा फिरा आणि वहीत नकाशा काढून घ्या.

ईस्टरची पहिली उपासना आम्ही इथेच करतो, पहाटे साडेचारला, मेणबत्त्या लावून, पूर्वेकडे तोंड करून. त्यासाठी आदल्या शनिवारी गवत काढायला सगळे जमतात. सिस्टर यंदा ड्युटी बदलून येणार आहेत. विळा आमच्याकडे आहे, हातमोजे आणि टोपी तेवढी आपापली आणा. सकाळी सहाला सुरू करतो, नऊच्या आत उरकतं.